झोपलेल्या कर्जाची राखण

ओवी, मागच्या महिन्यात तू फोनवर विचारलंस, "आजी, बाबा म्हणतो तू युनिव्हर्सिटीत होतीस. म्हणजे शिकवायचीस?" मी नाही म्हटलं. "मग लायब्ररीत?" तेही नाही. "मग करायचीस काय?" मी एका वाक्यात उत्तर द्यायला गेले : "कोण शिकतंय आणि कोण शिकत नाहीये, हे मी सिंगापूरहून अमेरिकेला कळवायचे." त्यावर मागून अर्णव ओरडला, "आजी स्पाय होती!" आणि तुम्ही दोघं इतके हसलात की खरं उत्तर राहूनच गेलं.

तेवढ्यात आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाची संपादिका म्हणाली, "काकू, यंदा नोकरीतलं काहीतरी लिहा, पाककृती पुरे झाल्या." म्हणून हे उत्तर सविस्तर लिहिते आहे. तुमचं मराठी वाचन हळू चालतं हे मला ठाऊक आहे. बाबाला शेजारी बसवा आणि सावकाश वाचा. इतर वाचकांनी मध्ये मध्ये कान लांबवायला हरकत नाही.

मी कितव्या साली लागले, बढत्या किती मिळाल्या, यात कुणाला गोडी नाही. दोन हजार सालानंतरची ती वर्षं, एवढं पुरे. तुमचे आजोबा इथल्या बँकेत होते, तुमचा बाबा शिकायला परदेशी गेला होता आणि टॅम्पिनीसच्या फ्लॅटमध्ये मी आवरलेली कपाटं पुन्हा आवरत होते. आजोबाच एकदा वैतागून म्हणाले, "आवरायची एवढी हौस आहे तर बाहेर जाऊन लोकांचं आवर, पगार तरी मिळेल." मी ते मनावर घेतलं. ब्युओना व्हिस्टाजवळ एका खाजगी युनिव्हर्सिटीत रजिस्ट्रारच्या ऑफिसात जागा होती. घराजवळून एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत बसायचं, गाडी न बदलता थेट उतरायचं. शेजारच्या वन-नॉर्थ वसाहतीतल्या काचेच्या इमारती तेव्हा नुकत्याच वर येत होत्या आणि आमच्या खिडकीतून दिवसभर क्रेन दिसायच्या.

आमच्याकडे अमेरिकेतलीही मुलं यायची. आता माझं काम समजून घ्या. त्या देशात मुलं कॉलेजसाठी केंद्र सरकारचं कर्ज काढतात, आणि त्याचा व्यवहार सरकारने नेमलेली एक कंपनी बघते. ते कर्ज मोठं समजूतदार असतं. मूल शिकत असेपर्यंत ते झोपून राहतं, हप्ता मागत नाही. मुलाने शिक्षण सोडलं, पदवी घेतली किंवा अभ्यास निम्म्याच्याही खाली आणला, की त्याची झोप चाळवते. मग काही महिने सवलतीचे मिळतात आणि त्यानंतर ते उठून दाराशी येतं. ही सवलत एका कर्जाला एकदाच मिळते, ती वापरून झाली की परत नाही.

पण मूल शिकतंय की नाही, हे सरकारला इतक्या लांबून कसं कळणार? ते कॉलेजने कळवायचं. कॉलेज जगाच्या पाठीवर कुठेही असो. ठराविक काळाने तिकडून कंप्यूटरवर आमच्या मुलांची यादी यायची. प्रत्येक नावापुढे मी लिहायचे : पूर्णवेळ, अर्धवेळ, निम्म्याहून कमी, सोडून गेला, पदवी घेतली. आणि कधीपासून, ती तारीख. यादी मुदतीत परत गेलीच पाहिजे. मधल्या काळात कुणी गळलं तर तेही मुदतीत कळवलं पाहिजे. हयगय केली तर आमच्या सगळ्याच मुलांची कर्जं बंद व्हायची भीती. थोडक्यात, हजेरी घ्यायची, पण वर्ग समुद्रापलीकडच्या मास्तरला दिसत नाही आणि त्याचा तुमच्या शब्दावर विश्वास आहे, अशी ती हजेरी. मला या कामाचा अभिमान वाटायचा. कर्जाच्या पाळण्याशी बसून राखण करायची, ते उगाच जागं होऊ द्यायचं नाही आणि उठायची वेळ झाली की मात्र झोपू द्यायचं नाही.

गिऱ्हाइकं एकेक असायची. एक उंच मुलगा होता, वाळूतून आत्ताच उठून आल्यासारखा दिसायचा. कारण तो खरोखरच बालीच्या वाळूतून उठून आला होता. वर्गाकडे फिरकलेला नाही आणि काउंटरवर अननसाच्या टार्टचा डबा घेऊन हजर.

"आंटी, मी तुम्हाला दिसतोय ना?"

"दिसतोयस."

"मग लिहा ना, आहे म्हणून."

"मला दिसतोस रे, पण तुझ्या एकाही प्राध्यापकाला दिसत नाहीस. आणि हा डबा उचल."

त्याला मी 'सोडून गेला' असं लिहिलं. वर्षभराने हा पठ्ठ्या पुन्हा नाव नोंदवून आला, नियमित वर्गात बसू लागला आणि काउंटरवर येऊन म्हणाला, "आता?" या वेळी टार्ट नव्हते. मी म्हटलं, "आता तू टार्ट आणायला हवे होतेस."

सगळंच असं हसण्यावारी गेलं नाही. एक मुलगी वडील आजारी पडले म्हणून सत्राच्या मध्येच घरी गेली. जाताना तिने हॉस्टेलला सांगितलं, पुस्तकं परत केली, मैत्रिणींना जेवण दिलं. आम्हाला मात्र कुणीच सांगितलं नाही, कारण प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याने सांगितलं असेल. आम्हाला कळेपर्यंत सत्र संपत आलं. सवलतीचे महिने मोजतात ते मूल निघाल्या दिवसापासून, आम्ही कळवल्या दिवसापासून नाही. तिचे महिने तिला न कळताच सरले. त्या मुलीने तक्रारीचा एक शब्दही लिहिला नाही, म्हणून ती मला अजून आठवते. त्यानंतर मी लायब्ररीच्या आणि हॉस्टेलच्या बायकांशी दोस्ती केली. सत्राच्या मध्ये कुणी पुस्तकं परत केली किंवा खोलीची किल्ली दिली, की आधी मला फोन. लायब्ररीतली बाई म्हणायची, "आंटी, तू हेर आहेस ला." म्हणजे अर्णव, तू अगदीच चुकला नाहीस.

आता हॅनाची गोष्ट. ही सगळी माणसं इंग्रजीत बोलायची, मी मराठीत लिहिते आहे. इथल्या मुलींचा वाक्याच्या शेवटी येणारा 'ला' मात्र तसाच ठेवते, तो भाषांतरात मरतो.

मला रिकाम्या गाडीने जायला आवडायचं, म्हणून मी ऑफिस उघडायच्या आधीच पोचायचे. एका सकाळी दिवे लावते न लावते तोच फोन वाजला. लांबून आलेला आवाज, बाईचा, थकलेला.

"तुमच्याकडे हॅना नावाची माझी मुलगी शिकते का?"

हॅना मला चांगली माहीत होती. बालशिक्षणाच्या शेवटच्या वर्षाला होती, अमेरिकेतल्या आयोवातून आलेली, काउंटरवर येताना नेहमी धापा टाकत येणारी. पण नियम असा, की सज्ञान विद्यार्थ्याची माहिती त्याच्या परवानगीशिवाय कुणालाही द्यायची नाही. आईलाही नाही. मी तसं सांगितलं.

"मी शाळेची बस चालवते," बाई म्हणाल्या. "रोज लोकांची पोरं मोजून चढवते आणि मोजून उतरवते. एखादं कमी भरलं तर बस जागची हलवत नाही. आणि माझी स्वतःची पोर तुमच्याकडे आहे की नाही, हे तुम्ही मला सांगू शकत नाही?"

मी पेन हातात घेतलं.

"कर्जाच्या कंपनीचं पत्र आलंय. म्हणतात ही निम्मासुद्धा अभ्यास करत नाहीये, हप्ते सुरू करा. हॅना म्हणते, आई, मी रोज वर्गात जाते. दोघांतलं कुणीतरी खोटं बोलतंय. आणि कंपनीला माझ्याशी खोटं बोलून काय मिळणार?"

आवाज चढवला असता तर मला सोपं गेलं असतं. त्या हळू बोलत होत्या. मी म्हटलं, "बाई, मी कुठल्याच विद्यार्थ्याबद्दल काही बोलू शकत नाही. पण माझाही मुलगा लांब शिकतो. तुम्ही बोला, मी ऐकते." त्या बोलल्या. हॅना शाळेनंतर दोन वर्षं तिकडच्या कॉलेजात होती, मग पैसे पुरेनात म्हणून मध्ये काही काळ नोकरी केली, मग हे सिंगापूर. शेवटी म्हणाल्या, "तिला परत बोलावतेय. तिकिटाचं मी बघते. खोटं बोलून तिथे राहण्यापेक्षा घरी आलेली बरी."

फोन ठेवला आणि मी हॅनाचं नाव कंप्यूटरवर काढलं. एकच विषय नोंदलेला होता : यिशुनच्या बालवाडीतली प्रत्यक्ष शिकवणी. बाकी काही नाही. म्हणजे 'निम्म्याहून कमी' हे मीच कळवलं होतं आणि कंप्यूटरप्रमाणे ते बरोबर होतं.

ऑफिस उघडताच हॅना आलीच. डोळे सुजलेले.

"आंटी, आई म्हणते मी फसवतेय तिला. मी चार विषय घेतलेत! चार!"

मी पडदा तिच्याकडे वळवला. तिने बोट टेकवून तो एकच विषय दोनदा वाचला.

"पण मी रोज जाते. मंगळवारच्या वर्गात मी तिसऱ्या ओळीत बसते. परवा माझी चाचणी तपासून आली, चांगले मार्क मिळालेत."

आजवर काउंटरवर मी इतक्या थापा ऐकल्या होत्या की खरं बोलणारं माणूस मला चटकन ओळखू यायचं. ही खरं बोलत होती. आणि कंप्यूटरही खोटं बोलत नव्हता.

तिची अडचण दुहेरी होती. जुन्या कर्जाची सवलत तिने मधल्या नोकरीच्या काळात वापरून टाकली होती, म्हणून ते उठलं ते थेट हप्ता मागायलाच. आणि नव्या कर्जाचे पैसे तिकडेच अडकले. पुढच्या, म्हणजे शेवटच्या सत्राची फी शुक्रवारपर्यंत भरायची होती. ती भरली नाही तर एका सत्रासाठी पदवी हातची जाणार, आणि घरी आईच्या नजरेत ती खोटारडी ठरणार. मी विचारलं, "यातलं जास्त कशाचं वाटतंय?" ती म्हणाली, "आईचं."

आईशी बोलायची परवानगी तिने तिथल्या तिथे सही करून दिली. पण म्हणाली, "आत्ता नका करू फोन. आत्ता सांगाल काय? कंप्यूटरवर एकच विषय आहे, हेच ना?" बरोबर होतं तिचं.

"हॅना, विषय नोंदवायच्या आठवड्यात तू कुठे होतीस?"

"यिशुनला. बालवाडीत सकाळपासून. तिथे कंप्यूटर नाही. पण नोंदणीचं झालं ना सगळं. मेलिंग आणि नूरने माझ्यासाठी चोप केलं."

माझ्या डोक्यात दिवा लागला आणि लगेच डोकंही दुखायला लागलं.

सिंगापूरबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. इथे हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या दुकानांच्या सार्वजनिक मंडपात, दुपारी जेवायला गेलात, तर आधी टेबल धरायचं, मग जेवण घ्यायला रांगेत जायचं. टेबल धरायचं म्हणजे त्यावर टिश्यूचं छोटं पाकीट ठेवायचं. नुसतं पाकीट. कितीही गर्दी असो, त्या टेबलाला कुणी हात लावत नाही. यालाच चोप करणं म्हणतात. मी मुंबईच्या कुणाला हे सांगितलं की त्यांचा विश्वासच बसत नाही. ते म्हणतात, आमच्याकडे पाकीटही जाईल आणि टेबलही.

मेलिंग आणि नूर या हॅनाच्या वर्गातल्या सिंगापुरी मैत्रिणी. मी त्यांना बोलावून घेतलं. मेलिंग बडबडी, नूर गंभीर चेहऱ्याने बोलणारी.

"आंटी, सिस्टीम उघडली की पाच मिनिटांत चांगले वर्ग भरतात ला," मेलिंग म्हणाली. "हॅना बिचारी यिशुनला पोरांची नाकं पुसत होती. मग मी माझ्या नावावर तिच्या दोन जागा धरल्या, नूरने एक."

"मग ती आल्यावर सोडल्या का नाहीत?"

"सोडायला गेलो होतो! पण वेटिंगला कितीजण होते! आम्ही जागा सोडली की कंप्यूटर ती पहिल्या वेटिंगवाल्याला देणार. टेबलावरून टिश्यू उचलला की दुसरा बसलाच समजा."

"मग?"

"मग नाही उचलला," नूर शांतपणे म्हणाली. "ती बसतेय ना खुर्चीवर. खुर्ची तिची, टिश्यू आमचा. सत्र संपताना आंटी काहीतरी करतील, असं ठरलं होतं."

"कोणी ठरवलं होतं?"

दोघींनी एकमेकींकडे बोट दाखवलं.

आमच्याकडे फी सत्राची एकरकमी असायची, विषयावर नाही, म्हणून हिशेबखात्यालाही यात काही खटकलं नव्हतं. प्राध्यापकांना वाटलं, उशिरा नोंदणी झालेली मुलगी असेल. ती वर्गात होती, मन लावून शिकत होती, सगळ्यांना ते दिसत होतं. फक्त अमेरिकेला दिसत नव्हतं, कारण अमेरिका माझ्या यादीतून बघत होती. मी ती यादी मुदतीच्या आत पाठवली होती, नीटनेटकी, आणि साफ खोटी.

"आणि मुलींनो," मी म्हटलं, "त्या तीन वर्गांत तुम्ही एकदाही गेला नाहीत. सत्राच्या शेवटी तुम्ही त्यात नापास होणार, हे लक्षात आलं का?"

मेलिंगचा चेहरा बघण्यासारखा झाला. "आयो," ती म्हणाली, आणि बोटांवर विषय मोजायला लागली.

आता आमच्या रजिस्ट्रार मिसेस चुआ. अमेरिकेला दुरुस्ती कळवायची तर सही त्यांची लागणार. बाई कडक, पण न्यायाच्या. त्यांच्या टेबलावरची पेन्सिलसुद्धा काटकोनात असायची, म्हणून माझं त्यांच्याशी जमायचं. तिन्ही मुलींना घेऊन मी त्यांच्यापुढे उभी राहिले आणि सगळं सांगितलं.

"सिस्टीम एक विषय म्हणते," मिसेस चुआ म्हणाल्या. "मागच्या तारखेने चार केले, तर तपासणीला येणारा माणूस काय म्हणेल? मुलीला कर्ज मिळावं म्हणून यांनी हे रचलं."

"तो तसंच म्हणेल," मी म्हटलं. "म्हणून आधी खात्री करू, मग दुरुस्ती."

"आणि हे चोप! माझ्या युनिव्हर्सिटीत वर्गाच्या जागा चोप करतात? हे हॉकर सेंटर आहे का? मला ही सवय मुळीच चालत नाही."

नूरने अगदी काळजीच्या सुरात म्हटलं, "मिसेस चुआ, तुमची छत्री खाली फिशबॉल नूडल्सच्या दुकानासमोरच्या टेबलावर आहे. सकाळपासून. कुणी नेली तर?"

मी खिडकीबाहेर बघत राहिले. त्या वेळी मिसेस चुआंकडे बघितलं असतं तर माझी नोकरी गेली असती.

"छत्रीची गोष्ट वेगळी," मिसेस चुआ म्हणाल्या. "प्राध्यापकांना बोलवा."

तिघंही त्याच दुपारी आले. पहिल्या दोघांनी पहिल्या दिवसापासून ती वर्गात असल्याचं सांगितलं आणि तिच्या तपासलेल्या चाचण्या समोर ठेवल्या. तिसरे, डोक्यावर थोडेच केस उरलेले मानसशास्त्राचे प्राध्यापक, हॅनाचं नाव ऐकूनच खुर्चीत मागे रेलले. "ती सोडून गेली की काय? नको हो. माझ्या वर्गात प्रश्न विचारणारी तेवढी एकच आहे. ती नसेल तर मला तास पुरवायचा कसा?"

मिसेस चुआंनी सगळं ऐकलं, चाचण्या स्वतः उलटून पाहिल्या आणि निवाडा दिला. तिन्ही जागा पहिल्या दिवसापासून हॅनाच्या नावावर. मेलिंग आणि नूर त्या वर्गांतून मोकळ्या, पण पुढच्या सत्रात नोंदणीच्या रांगेत त्या दोघी सगळ्यांत शेवटी. अमेरिकेला खरं काय घडलं ते जसंच्या तसं कळवायचं, काही झाकायचं नाही.

"सगळ्यांत शेवटी म्हणजे सगळे सकाळी आठचे वर्ग ला!" मेलिंग कळवळली.

"उत्तम," मिसेस चुआ म्हणाल्या. "लवकर निजा, लवकर उठा."

दारातून बाहेर पडताना नूर मला हळूच म्हणाली, "आंटी, आठच्या वर्गाला चोप करायला टिश्यू लागत नाही. कुणी येतच नाही."

दुरुस्ती मी त्याच संध्याकाळी पाठवली. पण पाठवणं वेगळं आणि तिकडे ती कुणीतरी उघडून वाचणं वेगळं. बुधवार गेला, गुरुवार गेला. नव्या कर्जाचे पैसे जागचे हलले नाहीत. हॅना दर दोन तासांनी काउंटरवर यायची आणि माझा चेहरा बघून परत जायची. तिने आईचे फोन घेणं बंद केलं होतं. तीच तीच गोष्ट दोघींनी किती वेळा बोलायची, म्हणाली.

शुक्रवारी मी पहिल्या गाडीने निघाले. आमची पहाट म्हणजे तिकडे आदल्या दिवशीची ऑफिसं सुटायची वेळ. ते दिवे मालवायच्या आत मला त्यांना गाठायचं होतं. ऑफिसात पोचून कर्जाच्या कंपनीला फोन लावला. आधी बराच वेळ वाजंत्री ऐकली. 'तुमचा फोन आम्हाला महत्त्वाचा आहे' हे इतक्या वेळा ऐकलं की खोटं वाटायला लागलं. मग एक तरुण आवाज आला, सावकाश बोलणारा, प्रत्येक वाक्यात 'मॅम' म्हणणारा. मी सिंगापूरहून बोलतेय म्हटल्यावर त्याने विचारलं, "मॅम, तिथे आत्ता किती वाजलेत?"

"उद्याचे सहा," मी म्हटलं.

तो मोठ्याने हसला. "मॅम, उद्याचा दिवस कसा आहे?"

"ते तुमच्या हातात आहे," मी म्हटलं. "हॅनाची दुरुस्ती उघडून बघाल का?"

त्याची घरी जायची वेळ झाली होती, हे मागच्या आवाजांवरून कळत होतं. खुर्च्या सरकत होत्या, कुणीतरी त्याला चल म्हणत होतं. तो गेला नाही. त्याने शोधलं. सापडलं नाही. दुसरीकडे शोधलं. मग म्हणाला, "ही काय. सही बाकी होती आमच्याकडची, म्हणून पडून राहिली होती. थांबा मॅम, साहेब दारात आहेत, मी त्यांना पकडतो." फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. धावण्याचा आवाज आला. मी सिंगापुरात रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून उभी होते. जणू तो निसटला तर अमेरिकाच निसटेल.

तो परत आला तेव्हा धापा टाकत होता. "झालं, मॅम. पूर्णवेळ. सत्राच्या पहिल्या दिवसापासून. जुन्या कर्जाचे हप्ते थांबले आणि नव्याचे पैसे सोडलेत, तसं पत्र आत्ता तुमच्या ऑफिसला पाठवतो."

"तुझं भलं होवो," मी मराठीतच म्हणून गेले. त्याने विचारलं, "मॅम?" मी म्हटलं, "आमच्याकडे असं म्हणतात." "छान वाटलं ऐकायला," तो म्हणाला.

पत्र आलं, त्यावर मिसेस चुआंनी फी खात्याला सांगून टाकलं की पैसे निघालेत, हिचं नाव कापायचं नाही. पण त्याआधी, ऑफिस उघडायच्याही आधी, मी एक नंबर फिरवला.

"बाई, मी सिंगापूरहून. तुमच्या मुलीने मला तुमच्याशी बोलायची परवानगी दिलीय."

"सांगा."

"ती चार विषय शिकतेय. पहिल्या दिवसापासून. एकही दिवस चुकलेली नाही. खोटं कुणीच बोलत नव्हतं. ती वर्गात होती आणि तिचं नाव मैत्रिणींच्या नावामागे झाकलं गेलं होतं."

मग टिश्यूच्या पाकिटाची सगळी कथा मला सांगावी लागली. आधी त्यांचा विश्वास बसेना. मग त्या हसायला लागल्या, हसता हसता नाक पुसलं, पुन्हा हसल्या. म्हणाल्या, "म्हणजे माझी पोर बसमध्येच होती. मोजणाऱ्याला दिसत नव्हती, एवढंच." मग म्हणाल्या, "तिला सांगा, मी आत्ता फोन करतेय. आणि घेतला नाही तर बघ म्हणावं."

हॅना काउंटरवर आली तेव्हा फोन कानाला लावलेलाच होता. बोलत नव्हती, नुसती ऐकत होती आणि मान हलवत होती. आईला ते दिसणार नव्हतं, तरी हलवत होती. मी तिच्यापुढे टिश्यूचं पाकीट सरकवलं. या वेळी त्याचा योग्य उपयोग झाला.

शेवटचं सत्र तिने धडाक्यात पूर्ण केलं. मेलिंग आणि नूर सकाळी आठच्या वर्गांना जांभया देत बसायच्या आणि ही त्यांच्यासाठी कोपी, म्हणजे इथली कॉफी, घेऊन यायची. पदवीदान झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी तिघी माझ्या काउंटरवर. हॅनाने अजून ती चौकोनी टोपी काढली नव्हती.

"आंटी, नोकरी मिळाली! गावातल्याच बालवाडीत. आईची बस रोज त्याच दारात मुलं उतरवते."

मी तिचं अभिनंदन केलं आणि म्हटलं, "आता मला माझं काम करू दे. तुझी पदवी कळवायची आहे. कळवली की जुनं कर्ज लगेच उठेल बरं. त्याचे सवलतीचे महिने तर केव्हाच संपलेत."

"ठाऊक आहे. म्हणूनच आले. हे मला बघायचंय."

नियमाप्रमाणे कळ मीच दाबायची होती, पण पडदा तिच्याकडे वळवायला नियम आड येत नव्हता. तिघी काउंटरवर कोपरं टेकवून वाकल्या. मी तिच्या नावापुढे 'पूर्णवेळ' खोडलं, 'पदवी घेतली' लिहिलं, तारीख घातली, पुन्हा एकदा तपासली.

"उठवू त्याला?" मी विचारलं.

"उठवा आंटी," हॅना म्हणाली. "आता येऊ दे दाराशी. मी घरी असेन."

मी कळ दाबली. इतक्या वर्षांत मी कितीतरी कर्जं जागी केली असतील, पण एखाद्याच्या दाराशी कर्ज पाठवलं आणि त्याच माणसाने टाळ्या वाजवल्या, असं एकदाच झालं.